काय आणि काहून

आमच्या घरात 'काहून' या शब्दाला बंदी होती. सगळा वऱ्हाड 'काहून' विचारतो. बाजारात वांग्यांचा भाव ऐकून बाई 'काहून बा एवढे महाग?' म्हणते, उशिरा आलेल्या पोराला मास्तर 'काहून रे?' म्हणून दरडावतो, आणि कुणी अकाली गेलं की माणसं आभाळाकडे बघून हेच विचारतात. पण माझे वडील, म्हणजे अण्णा, अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि त्या शिक्षणासाठी काही वर्षं मुंबईला राहून आले होते. तिथून येताना त्यांनी चित्र ठेवायचा लाकडी घोडा आणला, एक पितळी ओळंबा आणला आणि 'का' हा शब्द आणला. घोड्याला वाळवी लागली, ओळंबा कुणी गवंडी मागून घेऊन गेला तो परत आला नाही, 'का' मात्र शेवटपर्यंत टिकला. आई बाळापूरची, तिची जीभ काही केल्या वळायची नाही. सकाळी कोट घालता घालता अण्णा म्हणायचे, ''आज मला यायला उशीर होईल.'' आई चुलीपुढून विचारायची, ''काहून?'' अण्णा म्हणायचे, ''काहून नाही, का.'' मग आई भाकर उलटवायची, पदरानं घाम पुसायची आणि अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणायची, ''बरं, का. पण काहून?'' अण्णा टोपी घेऊन निघून जायचे. त्यांना हसू यायचं की राग, हे त्यांच्या पाठीवरून कळत नसे.

अंबागेटच्या आत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. बाहेरच्या खोलीत अण्णांचं राज्य. एका स्टुलावर पाण्याचा माठ, त्याच्याखाली मुद्दाम घड्या पाडून टाकलेलं जुनं धोतर, शेजारी एक लिंबू किंवा वांगं. वांगं सुकायला लागलं की आई ते गुपचूप उचलून भाजीत घालायची आणि अण्णा आल्यावर 'चित्र कुठे गेलं' म्हणून शोधत बसायचे. एक डोळा मिटायचा, हात ताठ पुढे धरायचा, मुठीतल्या पेन्सिलीवर अंगठा सरकवून माठाची उंची मोजायची आणि ती कागदावर आणायची, ही त्यांची पद्धत. शाळेतली पोरं पाठीमागे त्यांना 'एकडोळ्या मास्तर' म्हणायची. शनिवारी दुपारी मला ते समोर बसवत. माझा माठ पुरा झाला की कागद लांब धरून एकच प्रश्न: ''हे काय आहे?'' मी म्हणायची, ''माठ.'' ते म्हणायचे, ''मला विचारावं लागलं, म्हणजे हा माठ नव्हे.'' आणि कागद न्हाणीतल्या बंबाकडे रवाना व्हायचा. माझ्या कितीतरी माठांवर आमच्या आंघोळीचं पाणी तापलं आहे. पण त्या शनिवारांनी मला हात दिला. डोळ्यानं पाहिलेलं मनगटापर्यंत कसं आणायचं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. त्यांचं हे देणं मी कुठे फेडू?

आतली खोली आईची. तिथे चूल, पाट्यावर वाटलेल्या मिरच्यांचा ठसका, खुंटीला अंबाडीची जुडी, आणि खाली मातीची जमीन. दर दोन-चार दिवसांनी आई ती सारवायची. पाट्या रंगवणाऱ्यांनासुद्धा जमणार नाही इतक्या सफाईनं तिचा हात शेणकाल्यातून फिरायचा आणि वाळल्यावर जमिनीवर तिच्या बोटांच्या कमानी उमटून राहायच्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, अशी ती उंबऱ्यापर्यंत मागे सरकत यायची. मी फार लहानपणीच एक गोष्ट शोधून काढली होती. आई खुशीत असली की कमानी लांबरुंद असायच्या, हात पुरेल तिथपर्यंत. तिचं कुणाशी वाजलं असलं, किंवा बाळापूरहून काही बरी नसलेली खबर आली असली, की बोटं लहान लहान, दाबून, एकमेकींवर चढलेली उमटायची. तोंडानं ती काही बोलायची नाही. पण शाळेतून आले की मी आधी जमीन बघायची. लहान बोटं दिसली की समजायचं, आज भाजीत तिखट जास्त आहे, आणि ताटात गूळ आधीच मागून घ्यायचा. हे वाचन फक्त मला येतं असं मला वाटायचं. अण्णा तर खाली न बघता त्या कमानींवरून चालत जायचे. कधीकधी मात्र ते दारातूनच मागे फिरायचे आणि थोड्या वेळानं जिलबीचा गरम पुडा घेऊन यायचे. काहीतरी विसरले असतील आणि येता येता जिलबी दिसली असेल, असं मी धरून चालले होते. विसराळूपणाबद्दल आम्ही मायलेकी त्यांना चिडवायचोही.

आजही माझ्या चित्रांपुढे माणसं थांबतात, मान जरा तिरकी करतात आणि विचारतात, ''ताई, हे काय आहे?'' माझ्या चित्रात झाड नसतं, बाई नसते, देऊळ नसतं. गेरूचे फराटे असतात, निळीचे डाग असतात, हातानं ओढलेल्या कमानी असतात. तरुणपणी या प्रश्नाचा मला राग यायचा. आता येत नाही. विचारणाऱ्याच्या जागी मला काळी टोपी घातलेले अण्णा दिसतात आणि मी त्या माणसाला खुर्ची देते.

आई गेली तेव्हा पोळा तोंडावर आला होता. ताप आला, उतरला, पुन्हा चढला, डॉक्टर येऊन गेले, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. मी अकरा-बारा वर्षांची असेन. त्या दिवसातलं मला फार थोडं आठवतं, पण एक गोष्ट स्वच्छ आठवते. आईला घेऊन पुरुष माणसं गल्लीच्या तोंडाशी पोचली नाहीत तोच शेजारच्या बायांनी पदर खोचले, शेणाची पाटी आणली आणि घर सारवायला घेतलं. रीतच होती ती. गेलेल्या माणसामागे घर सारवून घ्यायचं. त्या बाया प्रेमाच्या होत्या, दोघींनी तर आईचं दुखणंही काढलं होतं. पण आतल्या खोलीत, चुलीजवळ, आईनं आजारी पडायच्या आदल्या दिवशी सारवलेलं होतं. तिची बोटं तिथे होती. त्यांच्यावरून एका परक्या हातानं ओलं शेण फिरलं तेव्हा मी किंचाळले, ''नका सारवू!'' बायांना वाटलं, पोर दुःखानं खुळावली. कुणी मला पोटाशी धरलं, कुणी पाणी पाजलं. ''काहून वं माय, काहून?'' त्या विचारत होत्या आणि मला सांगता येत नव्हतं. मग आईला ठेवलं होतं त्या जागी त्यांनी पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून त्या पिठात खुणा शोधू लागल्या, की ती आता कोणत्या जन्माला गेली. एक म्हणाली, चिमणीचे पाय आहेत. मी भिंतीला टेकून बघत होते. तिच्या खऱ्या खुणा तुम्हीच पुसल्या आणि आता पिठात काय शोधता, असं माझ्या मनात येत होतं. तिथून माझं रडणं जे बंद झालं ते बंदच झालं.

आईचा एकही फोटो नव्हता. तेरावा झाल्यावर नातेवाईक म्हणाले, मास्तर, तुम्हाला कशाला फोटो पाहिजे, तुम्ही तर हुबेहूब काढाल. अण्णा घोडा मांडून बसले. जे समोर आहे ते त्यांना सगळं काढता येत होतं, आणि आई समोर नव्हती. ते लंबगोल काढायचे, मधून रेघ टाकायचे, नाकाची जागा ठरवायचे आणि खोडायचे. एकदा त्यांनी मला बोलावून विचारलं, ''नाक असंच होतं ना?'' मी म्हटलं, ''हो.'' तसं नव्हतं ते. त्यांनाही ते ठाऊक होतं. नंतर तो कागद त्यांनी स्वतःच बंबात घातला आणि घोडा भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्यानंतर घरात आम्ही दोघं होतो, पण खानावळीत शेजारी जेवणारी माणसं असतात तसे. अण्णा सकाळी खिचडी टाकायचे, संध्याकाळी शेजारून भाकरी यायच्या. मी माठ काढायची. सरकारी चित्रकलेच्या परीक्षेचा माठ, सावलीसकट, घड्या पडलेल्या धोतरासकट. तो बघून अण्णा आता 'हे काय आहे' असंही विचारत नव्हते. ''छान,'' म्हणायचे. बंबात टाकायचे नाहीत. मला त्या 'छान'ची फार भीती वाटायची, कारण त्यात ते नसायचे.

उन्हाळा लागता लागता नातेवाइकांनी बैठक घातली. पोरगी वयात येईल, घरात बाईमाणूस नाही, मास्तर दिवसभर शाळेत. अकोल्याला आईची थोरली बहीण होती, सखूमावशी. तिला मूलबाळ नव्हतं. एक काका म्हणाले, ''पोरीले अकोल्यालेच ठेवा. जूनपासून तठचीच शाळा लावून द्या.'' मी आतून ऐकत होते आणि अण्णा 'नाही' म्हणतील याची वाट बघत होते. अण्णा म्हणाले, ''बघू.'' ठरलं ते एवढंच की परीक्षा झाल्यावर मी मावशीकडे जायचं, अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अण्णांनी तिथे यायचं आणि शाळेचं पक्कं करून एकट्यानं परत जायचं. अण्णांनी मला बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं, सोबतच्या बाईंना दोनदा बजावलं, खिडकीतून एक संत्र्यांची पिशवी आत दिली. गाडी हलली तेव्हा मला सरळ सरळ एकच वाटलं, की या माणसाला मी नको आहे.

अकोल्याचं ऊन आणि मावशीचं बोलणं दोन्ही सारखंच, सावली नाही. मावशीचं घर जुन्या शहरात मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. तिचे यजमान, मावसाजी, कापसाच्या जीनमध्ये फिटर होते. हंगामात ते भुवयांत कापूस घेऊन घरी येत, पण मी गेले तेव्हा जीन थंड झालं होतं आणि ते अंगणातल्या बाजेवर पडून पंख्यानं वारा घेत, ''सखू, माठातलं पाणी गार हाय का?'' एवढंच दिवसभर विचारत. मावशीनं मला दारातच खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ''काय वं सुमे, तुया बाप तुले जेवाले देत होता का कागदं चारत होता?'' तिथून तिनं मला जे खाऊ घालायला सुरुवात केली! पातोड्यांची लालभडक भाजी, कच्च्या तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, दुपारी कैरीचं पन्हं. गच्चीवर कुरड्या आणि खारवड्या वाळत घातलेल्या असत, त्या अर्धवट ओल्याच खायची मला सूट होती. रात्री अंगणात बाजा टाकल्या की ती माझ्या केसांतून हात फिरवत काहीबाही बोलत राही. मी ऐकत असे, हसतही असे. रडत मात्र नसे. मावशीचं त्याकडे लक्ष होतं, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही.

एके दिवशी तिनं माझ्यापुढे शेणकाल्याची पाटी ठेवली. ''घे, ओसरी सारव.'' मला येत नव्हतं. आईनं कधी करू दिलं नव्हतं. मी भिंतीपासून सुरुवात केली आणि अण्णांच्या शिस्तीनं सरळ पट्ट्यामागून पट्टे ओढले. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. ''हे का पट्टी लावून सारवलं का वं? शाळेतलं वहीपुस्तक हाय का हे? मनगट नको फिरवू. खांद्यातून हात येऊ दे, अंगातून येऊ दे.'' ती शेजारी बसली आणि तिचा हात फिरला. मी बघतच राहिले. आईचीच कमान होती, फक्त जरा जाड. दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली शिकल्या होत्या, त्यात नवल काय, पण मी त्या कमानीवर माझी बोटं ठेवून बघितली. पुढचे काही आठवडे ती ओसरी मीच सारवली आणि हात हळूहळू खांद्यातून यायला लागला.

अखजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. मातीची नवी घागर, वर आंबा, खरबूज, पुढे पुरणपोळी आणि रसाचं पान. उन्हाळ्यात आपल्या माणसाला तहान लागली असेल, एवढाच साधा विचार त्यामागे आहे. आईची ती पहिली घागर होती. आदल्या दिवशी मावशीनं ओसरीची भिंत पांढऱ्या मातीनं सारवून घेतली. त्या पांढऱ्या मातीला आमच्याकडे छुई म्हणतात. मग तिनं करवंट्यांत गेरू, कपड्यांची नीळ, हळद आणि चुलीची काजळी कालवून माझ्यापुढे मांडली. ''भितीवर छानशी घागर काढ, वर आंब्याची पानं. उद्या तुया बापाले दिसू दे, पोरगी कशी काढते ते. मी बाजारातून आंबे घेऊन येतो.'' मावसाजी तिच्यासोबत पिशव्या घेऊन गेले आणि मी एकटी राहिले.

घागर! मी जितके माठ काढले होते तितके त्या गल्लीत कुणाच्या घरात नसतील. मी एक डोळा मिटला, हात ताठ केला, मधली रेघ ठरवली. काडीला गेरू लावून माठाची एक बाजू ओढली. बरोबर आली. दुसरी बाजू ओढायला गेले आणि हात उचलेना. ही घागर आईची होती, आणि मी ती परीक्षेला काढतात तशी काढत होते. उद्या अण्णा येतील, म्हणतील 'छान', आणि मला इथे ठेवून जातील. मला इतका राग आला की मी काडी फेकली आणि अख्खा पंजा गेरूत बुडवला. काढलेली बाजू पुसून टाकली. मग खांद्यातून हात फिरला. खाली, जमिनीलगत, आईच्या खुशीतल्या लांब कमानी आल्या, एकीला लागून एक. त्यांच्या वर निळीची लहान लहान बोटं आली, दाबलेली, एकमेकींवर चढलेली, ती थांबेचनात. दोन्ही हात चालत होते. त्या शेण फिरवणाऱ्या बाया आल्या, त्या काजळीच्या होत्या, आडव्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अण्णांचं 'बघू' आलं. गाडीच्या खिडकीतली संत्री आली, हळदीची. आणि मधोमध एक जागा होती, बसायच्या पाटाएवढी. सगळे हात तिच्या कडेपर्यंत जात होते आणि वळून परत येत होते. तिथे मला रंग लावता येईना. ती पांढरी राहिली. मी खाली बसले तेव्हा कोपरापर्यंत रंग होता आणि मी मोठमोठ्यानं रडत होते. त्या पिठाच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

रडणं ऐकून शेजारची गोदाबाई धावत आली, पाठोपाठ मावशीही पोचली. गोदाबाईनं भिंत बघून तोंडावर हात ठेवला. ''अवो माय! हे काय काढलं वं पोट्टीनं? भितीवर मैस लोळली का?''

''गोदे, तू घरी जाय. तुयं दूध उतू जाऊन राहिलं असंन,'' मावशी म्हणाली. तिनं आंबे खाली ठेवले आणि भिंतीपुढे उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. ''काहून काढलं वं, सुमे?''

चित्राला हा प्रश्न विचारता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. 'हे काय आहे' याचं माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि ते सांगता आलं नाही म्हणजे चित्र बंबात जाणार, एवढंच मला माहीत होतं. 'काहून'चं उत्तर मात्र माझ्याजवळ भरपूर होतं. मी सगळं सांगितलं, आईची लांब बोटं, लहान बोटं, त्या बाया, ते पीठ, अण्णांचं 'बघू'. मावशी पदर तोंडाला लावून ऐकत होती. पांढऱ्या जागेशी मी अडखळले. ती म्हणाली, ''समजलं मले. राहू दे ते तसंच. त्याले कोणी हात लावाचा नाई.'' आणि रंगानं माखलेल्या मला तिनं तसंच मांडीवर घेतलं. तिचं ते लुगडं पुढे कधीच स्वच्छ झालं नाही, आणि तिनं ते सणावारालाही नेसायचं सोडलं नाही. मी आयुष्यभर जे काही केलं ते त्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी केलं. माझ्या वाट्याला योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणारी बाई आली, याहून मोठं नशीब मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. धोतर, कोट, काळी टोपी, त्या उन्हातसुद्धा वरचं बटण लावलेलं. मावशीनं नवी घागर मुद्दामच त्या भिंतीपुढे पाटावर मांडली होती. मी दाराआड उभी होते. आता 'हे काय आहे' येणार, मग छुईचं फडकं येणार, आणि मग मी इथली होणार, असं धरूनच चालले होते. अण्णांनी घागरीत पाणी ओतलं, आंबा ठेवला, हात जोडले आणि मान वर केली. सवयीनं त्यांचा एक डोळा मिटला. सवयीनं हात ताठ पुढे गेला, अंगठा वर आला. पण मोजायचं काय? हात तसाच राहिला. मग मिटलेला डोळाही उघडला. आणि त्यांनी मला हाक मारली. मी समोर जाऊन उभी राहिले.

''काहून?'' अण्णा म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, ''काहून नाही, अण्णा. का.''

मावसाजींनी पंखा हलवायचा थांबवला. अण्णांच्या मिशा थरथरल्या. अगदी गरीब चेहऱ्यानं ते म्हणाले, ''बरं, का. पण काहून?''

आणि ते रडायला लागले. तेराव्यालाही न रडलेला तो माणूस पुरणपोळीच्या पानापुढे टोपी काढून रडला. मीही रडले, पण मधेच मला हसूही येत होतं, कारण आई त्या घरात येऊन बोलून गेली होती. मग मी सांगायला लागले. लांब कमानींवरून निळ्या बोटांपाशी आले, तर अण्णाच म्हणाले, ''लहान बोटं.''

''तुम्हाला ठाऊक होतं?''

''दारात आलो की आधी जमीन बघायचो,'' अण्णा म्हणाले. ''लहान बोटं दिसली की माझंच काहीतरी चुकलेलं असायचं. मग जायचो परत, जिलबी आणायला.'' त्यांनी पांढऱ्या जागेकडे बोट केलं. ''ही जागा?''

''तिथे आईला ठेवलं होतं.''

अण्णांनी पुन्हा एक डोळा मिटून त्या जागेवर अंगठा धरला. मग ड्रॉइंग मास्तरच्या आवाजात म्हणाले, ''प्रमाण बरोबर आहे.'' 'छान' म्हणाले नाहीत. मला त्यानंतर थोडेफार मानसन्मान मिळाले, त्यांतल्या कशालाही या तीन शब्दांची सर आली नाही.

जेवताना मावशीनं रसाची दुसरी वाटी वाढत विषय काढला, ''मंग मास्तर, जूनमंदी शाळेचं कसं करता?''

''सुमन घरी येते आहे,'' अण्णा म्हणाले. ''घर सारवायचं राहिलं आहे.''

मावसाजी खो खो हसले. ''सारवाले नेता का बापा पोरीले?''

''नाही,'' अण्णा म्हणाले. ''सारवीन मी. ती शिकवेल.''

ते थट्टा करत असतील असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण अमरावतीला आल्यावर पहिल्या रविवारी अण्णांनी कोट खुंटीला लावला, धोतर वर खोचलं आणि आतल्या खोलीत गुडघ्यांवर बसले. पहिले चार हात त्यांनी छायांकनाच्या रेघा मारतात तसे मारले. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, ''हे का पट्टी लावून सारवलं का, अण्णा? अंगातून हात येऊ द्या.'' गल्लीतल्या बाया दारातून बघून तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णांनी ऐकून सोडून दिलं. हळूहळू त्यांची बोटं वळायला लागली. आईसारखी नाही, मावशीसारखीही नाही, जरा ताठ, पण वळायला लागली. चूल मी सांभाळायला लागले. बाहेरच्या खोलीतला घोडा भिंतीकडचं तोंड वळवून पुन्हा सरळ झाला आणि शनिवारी मी त्यावर जे काही काढायची ते बघून अण्णा आधी थोडं थांबायचे, मगच विचारायचे. 'काहून'वरची बंदी उठली होती, तरी पहिल्यांदा ते 'का'च म्हणायचे.

पोळा पुन्हा तोंडावर आला, आईला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून आले. अण्णा माझ्याआधी येऊन सारवून शांतपणे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. चुलीजवळची जमीन अजून ओली होती. मी उंबऱ्यात थांबून खाली बघितलं. बोटं लहान लहान होती, दाबून, एकमेकींवर चढलेली.

त्या दिवशी मी भाजीत तिखट कमी टाकलं.